प्रनष्ट शल्य

ज्या विद्येवर माझी चाळीस वर्षे गेली तिला आपण शल्यचिकित्सा म्हणतो. 'शल्य' म्हणजे शस्त्रक्रिया असा आपला सर्वसाधारण समज असतो, परंतु मूळ अर्थ तसा नाही. शरीरात शिरून रुतून बसलेले बाणाचे टोक, काटा, लाकडाची वा हाडाची कपची, थोडक्यात आत राहून सलणारे जे काही, ते शल्य. आणि ते बाहेर काढण्याचे शास्त्र ती शल्यचिकित्सा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायाचे नाव 'प्रनष्टशल्यविज्ञानीय' असे आहे. प्रनष्ट म्हणजे दिसेनासे झालेले. ते काढावे कसे हा विषय त्यानंतरच्या, सत्ताविसाव्या अध्यायात येतो. आधी स्थाननिश्चिती, नंतर आहरण, असा आचार्यांचा क्रम आहे.

त्या अध्यायातील युक्त्या वाचून आजच्या विद्यार्थ्याला हसू येईल. संशयित जागेवर तुपाचा किंवा माती व चंदनाचा लेप द्यावा. जेथे तूप आधी पातळ होईल अथवा लेप आधी वाळेल, तेथे आतील उष्म्यामुळे शल्य आहे असे जाणावे. शल्य शिरा-धमन्यांत लपले असेल तर रुग्णास मोडक्या चाकाच्या गाडीत बसवून खडबडीत रस्त्याने न्यावे. हिसक्यासरशी जेथे कळ येईल तेथे ते आहे. हसून झाल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानात येते. या युक्त्यांत जखमेत बोट घालून चाचपडणे नाही. प्रश्न बाहेरून विचारायचा आणि उत्तर शरीराकडून घ्यायचे, अशी त्यांची रीत आहे.

यंदाच्या स्मरणिकेसाठी 'व्यवसायाबाहेरील छंद' या विषयावर लिहावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. शस्त्रक्रिया थांबवल्यापासून मला दोन छंद जडले आहेत. एक वैद्यकाच्या इतिहासाचे वाचन, आणि दुसरा, थोडासा पोरकट वाटावा असा, धातुशोधक यंत्र, म्हणजे आपला मेटल डिटेक्टर, हातात घेऊन जमिनीतील वस्तू शोधण्याचा. या दोन वाटा एका ठिकाणी येऊन मिळतात. ते ठिकाण म्हणजे १८८१ सालच्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमध्ये मांडलेली एक रुग्णशय्या.

अमेरिकेचे विसावे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना पदावर येऊन चार महिनेही झाले नव्हते. २ जुलै १८८१ रोजी सकाळी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर चार्ल्स गिटो नावाच्या माथेफिरूने त्यांच्यावर पाठीमागून दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीत, कण्याच्या उजवीकडे सुमारे चार इंचांवर शिरली आणि आत नाहीशी झाली. रुग्ण शुद्धीवर होता. गोळी बाहेर पडल्याची जखम नव्हती, म्हणजे ती आत होती, पण कोठे?

पहिल्या डॉक्टरांनी स्थानकाच्या फरशीवरच जखमेत बोट घालून पाहिले. त्यानंतर आले डॉ. ब्लिस. या गृहस्थांचे पाळण्यातले नावच 'डॉक्टर' होते; डॉक्टर विलर्ड ब्लिस. त्यांनी शलाका घातली, मग करंगळी घातली, आणि पुढे अनेकांनी तेच केले. ही बोटे व ही हत्यारे निर्जंतुक केलेली नव्हती. लिस्टर यांनी जंतुघ्न शस्त्रक्रियेचे लेख १८६७ मध्ये प्रसिद्ध केले होते आणि १८७६ मध्ये ते स्वतः फिलाडेल्फियाच्या वैद्यक परिषदेत येऊन आपले म्हणणे मांडून गेले होते. परंतु अमेरिकेतील बहुतेक ज्येष्ठांना ते पटलेले नव्हते.

शलाका म्हणजे त्या काळचे निदानयंत्रच. तिचा एक उत्तम प्रकार फ्रेंच शल्यचिकित्सक नेलातों यांनी काढला होता. टोकाला चिनी मातीची, जिल्हई न केलेली गोळी. ती शिशाला घासली की करडा डाग पडतो, हाडाला घासली तर पडत नाही. १८६२ मध्ये गॅरिबाल्डी यांच्या घोट्यातील गोळी याच शलाकेने निश्चित केली आणि तिचा सर्वत्र बोलबाला झाला. साधन सुंदरच, पण गोळी हाती लागण्यासाठी तिच्या मार्गानेच जावे लागते. गारफील्ड यांच्या शरीरात गोळीने बरगडीवर आपटून आपली दिशा बदलली होती. शलाका सरळ गेली, मऊ पेशींत स्वतःची नवी वाट करीत. त्या वाटेलाच गोळीची वाट समजून डॉ. ब्लिस यांनी निष्कर्ष काढला की गोळी उजवीकडे, यकृताच्या बाजूने खाली गेली आहे.

ही बातमी वाचून ज्यांना स्वस्थ बसवेना त्यांत अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल होते. वय ३४, टेलिफोनचा शोध लावून पाच वर्षे झालेली. टेलिफोनच्या तारांमध्ये शेजारच्या तारांमुळे होणारी खरखर काढून टाकण्याच्या खटपटीत त्यांना एक गोष्ट आढळली होती. तारेच्या दोन चपट्या वेटोळ्या एकमेकींवर थोड्या चढवून ठेवल्या, एकीतून खंडित विद्युत्प्रवाह सोडला व दुसरीला टेलिफोन जोडला, तर वेटोळ्या किंचित सरकवता सरकवता एक जागा अशी येते की टेलिफोन पूर्ण मुका होतो. दोन पारड्यांचा काटा मध्यावर यावा तसे. आता धातूचा तुकडा जवळ आणला की त्या धातूत भोवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह फिरू लागतात, समतोल ढळतो आणि टेलिफोन गुणगुणू लागतो. लंडनचे ह्यूज यांनीही १८७९ मध्ये अशा तुलेवर काम केले होते. शिसे चुंबकाला ओढले जात नाही, तरी ते वीजवाहक असल्यामुळे या यंत्रापुढे लपू शकत नाही. आजच्या अनेक मेटल डिटेक्टरच्या थाळीत एकमेकींवर चढलेल्या अशाच दोन वेटोळ्या असतात. मूळ कल्पना तीच आहे.

बेल व त्यांचे सहकारी सम्नर टेंटर यांनी वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस काम केले. मुठीत गोळी धरून पाहिली, मांसाच्या तुकड्यात लपवून पाहिली. त्यांच्या ध्यानात आले की चपटी झालेली गोळी वेटोळीपुढे आडवी, म्हणजे पसरट बाजूने असेल तर आवाज चांगला येतो. तीच कडेवर उभी असेल तर क्षीण होतो. मग जिवंत माणसांवर परीक्षा झाली. त्यासाठी माणसे मिळायला अडचण नव्हती. सोळा वर्षांपूर्वी संपलेल्या यादवी युद्धातील कितीतरी सैनिक अंगात गोळ्या घेऊन हिंडत होते. त्यांपैकी काहींना बोलावून यंत्र त्यांच्या अंगावरून फिरवले गेले, आणि गोळी असलेल्या जागी टेलिफोन बोलला.

येथे मी नेहमी थांबतो. यंत्राची परीक्षा ज्यांच्यावर झाली ती माणसे स्वतःच्या पायांनी चालत आली होती. अंगात शिसे बाळगून त्यांनी दीड तप संसार केला होता. गोळी काढल्यावाचून माणूस जगत नाही या समजुतीला याहून चांगले उत्तर कोणते? पण त्या दालनातील एकाही विद्वानाने ते उत्तर ऐकल्याचे दिसत नाही. सर्वांचे कान टेलिफोनला लागले होते.

२६ जुलैच्या संध्याकाळी बेल यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेले. प्रयोगशाळेत चोख चाललेले यंत्र तेथे खरखरू लागले. काही नक्की सांगता येईना. नंतर उमगले की आयत्या वेळी बसविलेल्या कंडेन्सरची एक जोडणी चुकली होती. १ ऑगस्टला ते पुन्हा गेले. या वेळी यंत्र निर्दोष होते. डॉ. ब्लिस यांचा संशय उजव्या बाजूवर होता आणि शोधही तेथेच झाला. एका जागी आवाज आला. परंतु तो ठसठशीत नव्हता, अस्पष्ट होता आणि बऱ्याच विस्तृत भागावर पसरलेला होता. बेल यांना तो विचित्र वाटला. दुसऱ्या दिवशी चौकशी करता कळले की अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची जाळी आहे.

डॉक्टरांनी मात्र जाहीर केले की गोळीचा ठावठिकाणा आता पुरेशा निश्चितीने लागला आहे: पोटाच्या पुढच्या भिंतीत, जांघेच्या वर, नाभीपासून पाच इंच खाली उजवीकडे.

प्रत्यक्षात काय झाले ते आपण सारे जाणतोच. उजवीकडे पुवाची पोकळी जांघेकडे सरकत गेली. तीच गोळीची वाट धरून २४ जुलैला व पुन्हा ८ ऑगस्टला छेद दिले गेले. सुमारे २१० पौंडांचा धिप्पाड पुरुष १३० पौंडांवर आला. १९ सप्टेंबर १८८१ रोजी, गोळी लागल्यानंतर एकोणऐंशी दिवसांनी, न्यू जर्सीच्या समुद्रकिनारी गारफील्ड यांचे निधन झाले. शवविच्छेदनात आढळले की गोळी अकरावी बरगडी मोडून, पहिल्या कटिमणक्याच्या देहातून आरपार जाऊन, मज्जारज्जूला धक्काही न लावता डावीकडे, स्वादुपिंडाच्या मागे-खाली विसावली होती. तिच्याभोवती शरीराने कोश विणला होता. ती तेथे निरुपद्रवी पडून होती. उजवीकडील तो लांबलचक मार्ग गोळीचा नव्हताच. तो पुवाचा होता आणि त्याची सुरुवात बोटांनी केली होती. अखेरचा घात प्लीहेच्या रोहिणीवर आलेल्या फुग्याच्या फुटण्याने झाला. न्यायालयात गिटोने आपण केवळ गोळी झाडली, मारले ते डॉक्टरांनी, अशा आशयाचा बचाव केला. न्यायालयाने तो मानला नाही आणि ३० जून १८८२ रोजी त्याला फाशी झाली. मात्र वैद्यकाच्या इतिहासकारांनी त्याचे ते म्हणणे फारसे खोडून काढलेले नाही.

ही गोष्ट सांगताना 'पोलादी गादीने बेलला फसवले' असे सांगण्याची पद्धत पडली आहे. मला ती फार सोयीस्कर वाटते. बेल यांनी १८८२ मध्ये माँट्रियल येथे वाचलेल्या निबंधात या घटनेचा हिशेब स्वतः मांडला आहे. त्यांनी तशीच गादी मिळवून तपासली. तिची जाळी मोठ्या डोळ्यांची होती. आवाज आलेला भाग पलंगाच्या मानाने इतका लहान होता की साऱ्या दोषाचे धनी गादीला करता येईना, असे त्यांचे मत पडले. खरे कारण शवविच्छेदनाने सांगितले: गोळी पृष्ठभागापासून यंत्राच्या पल्ल्याबाहेर होती. म्हणजे आवाज येणे शक्यच नव्हते. जो आला तो दुसऱ्या कशाचा तरी होता आणि ऐकणाऱ्यांना हव्या त्या बाजूला आला म्हणून तो गोळीचा ठरला. डावी बाजू तपासली असती तरी यंत्र बहुधा मुकेच राहिले असते. पण मग निदान उजवीकडचा आवाज संशयास्पद ठरला असता.

येथे माझा दुसरा छंद उपयोगी पडतो. आमच्या टिळकवाडीच्या घरामागे भाजीचे वाफे आहेत. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर रोपे लावताना आमच्या वहिनींच्या बोटातले वेढणे मातीत गेले. सासूबाईंनी दिलेले, त्यामुळे त्याच्या वजनाची चर्चा करणेच अप्रस्तुत. माझे एक स्नेही लष्कराच्या अभियांत्रिकी दलातून निवृत्त झाले आहेत. बेळगाव मराठा लाइट इन्फन्ट्रीचे गाव असल्याने असे स्नेही येथे दुर्मीळ नाहीत. हे मेजरसाहेब यंत्र घेऊन आले. मी कुदळ घेऊन तयार होतो. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ती कुदळ आधी कुंपणापलीकडे ठेवून या. आणि वहिनी, बांगड्या काढून ठेवल्यात तर बरे."

मग त्यांनी जे दाखवले ते आपल्या व्यवसायातील कोणालाही भावेल. थाळी जमिनीलगत, समांतर, हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायची. आवाज आला की खणायचे नाही. ज्या रेषेवर आवाज सर्वांत मोठा, ती रेषा मनात धरायची. मग स्वतः काटकोनात वळून उभे राहायचे आणि पुन्हा फिरवायचे. दुसरी रेषा मिळते. दोन रेषा जेथे छेदतात तेथे वस्तू. एकाच दिशेने फिरवणाऱ्याला वस्तू 'सापडते', पण तिची जागा कळत नाही. आवाज मोठ्या क्षेत्रावर पसरलेला असेल तर थाळी उचलायची. उथळ पडलेल्या लहान वस्तूचा आवाज थाळी थोडी वर नेताच विरतो. मोठी वस्तू खोलवर असेल तर थाळी उचलूनही तो टिकून राहतो आणि त्याचा पसारा तेवढाच राहतो. पसरट, कडा नसलेला आवाज म्हणजे खाली पत्रा, नळ किंवा जाळी आहे असे समजायचे. हे ऐकताना १ ऑगस्ट १८८१ ची संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

पहिला आवाज दुहेरी होता, टक्-टक्. मेजरसाहेब म्हणाले, "आडवा खिळा." खिळाच निघाला. दुसरे बाटलीचे झाकण. तिसरा आवाज इतका क्षीण की मला तो ऐकूच आला नाही. त्यांनी विचारले, "साधी अंगठी की वेढणे?" प्रश्नाचे कारण असे की, अखंड कड्यात प्रवाहाला पूर्ण फेरा मारता येतो म्हणून ते मोठ्याने बोलते, वेढण्याच्या तारेची टोके मोकळी असतात, वेढे नीट टेकलेले नसले तर फेरा पुरा होत नाही आणि आवाज मंद येतो. त्यात ते मातीत कडेवर उभे असेल तर अधिकच मंद. थाळी बरोबर वर असताना गप्प, आणि दोन्ही बाजूंना किंचित कुजबुज. अशा वेळी मधल्या शांत जागेवर खूण करायची. त्यांनी तेथे खूण केली आणि खुरप्याने शेजारून, खुणेपासून चार बोटे दूर, मातीचा गड्डा उचलला. वेढणे गड्ड्याच्या कुशीत उभे होते. बरोबर वरून खुरपे घातले असते तर त्याचे दोन तुकडे झाले असते. शेजारून शिरण्याची ही रीत गळू फोडणाऱ्या आपणां मंडळींना नवी वाटू नये.

खोलीबद्दलचे गणित मात्र मला नवे होते. यंत्राचे क्षेत्र वस्तूपर्यंत जाताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि वस्तूचा प्रतिसाद परत येताना पुन्हा तसाच क्षीण होतो. म्हणून थाळीच्या आकाराच्या मानाने दूर असलेल्या लहान वस्तूचे अंतर दुप्पट झाले की प्रतिसाद निम्मा होत नाही, चौसष्टावा हिस्सा उरतो. दोन इंचांवर ठणठणीत बोलणारे यंत्र चार इंचांवर कुजबुजते आणि सहा इंचांवर गप्प होते. त्या शांततेचा अर्थ 'येथे काही नाही' असा नसतो. 'माझ्या पल्ल्यात काही नाही' एवढाच असतो. (उत्साही वाचकांसाठी एक सावधगिरीची सूचना: जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. वहिनींचे वेढणे त्यात येत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.)

बेल यांनी अपयशानंतरही पाठपुरावा सोडला नाही. त्याच ऑगस्टच्या १५ तारखेला त्यांचा अकाली जन्मलेला मुलगा श्वास घेता न आल्याने काही तासांतच गेला. त्या दुःखातून त्यांनी छातीभोवतीची हवा कमी-जास्त करून श्वास चालविणारे एक जाकीट तयार केले; पुढच्या लोहफुप्फुसाचा तो एक पूर्वज. गोळीच्या शोधासाठी त्यांनी आणखी एक युक्ती काढली: टेलिफोनला जोडलेली बारीक सुई. सुई शिशाला टेकताच कानात टक् असा आवाज येतो. यंत्राने जागा, सुईने खात्री. जमिनीतील शोधातही आज हेच करतात. मोठ्या थाळीने जागा काढून शेवटच्या दोन इंचांसाठी हातात मावणारी काडीसारखी शोधणी वापरतात. १८८६ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने बेल यांना वैद्यकाची सन्माननीय पदवी दिली. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरण गवसले आणि गोळी शोधण्याचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

वाटला म्हणतो, कारण क्ष-किरणचित्रात गोळी दिसणे आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती हाताला लागणे यांत अंतर आहे. ज्यांनी सी-आर्म येण्यापूर्वी तळपायात मोडलेली शिवणाची सुई शोधली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. चित्रात सुई डोळ्यांसमोर, छेदात मात्र बेपत्ता. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन मूरहेड डिसेंबर १९४१ मध्ये होनोलुलूच्या डॉक्टरांपुढे जखमांच्या शस्त्रक्रियेवर व्याख्याने देण्यास गेले होते. त्यांच्या सामानात सॅम्युअल बर्मन या अभियंत्याने बनविलेले हातात धरायचे धातुशोधक होते. ७ डिसेंबरच्या सकाळी व्याख्यान चालू असतानाच पर्ल हार्बरवरील हल्ल्याची वर्दी व शल्यचिकित्सकांची मागणी आली. त्या दिवशी ते यंत्र जखमींच्या अंगातील लोखंडाच्या कपच्या शोधायला थेट टेबलावर वापरले गेले. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी सुरुंगशोधक तयार केले आणि त्याचे एकस्व न घेता ते ब्रिटिश सैन्याला देऊन टाकले. १९४२ मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात ते कामी आले. मेजरसाहेब कोसात्स्कींचे नाव काढताना नेहमी थोडे सावरून बसतात.

आता आपल्या बाह्यरुग्ण विभागाकडे. नाणे गिळलेले मूल घेऊन आई-आजी धावत येतात, हा प्रसंग कोणाच्याही ओळखीचा आहे. सुरक्षारक्षकांच्या हातात असते तसले साधे धातुशोधक येथे उत्तम काम देते आणि त्यावर देशोदेशी पुष्कळ अभ्यास झाला आहे. गळ्यापासून खाली पुढून, मागून व दोन्ही कडांनी फिरवावे. आवाज उरोस्थीच्या खालच्या टोकाच्या वर असेल तर नाणे अन्ननलिकेत अडकल्याचा संशय धरून क्ष-किरणचित्र व पुढील उपाय; खाली असेल आणि मूल हसतेखेळते असेल तर बहुधा वाट पाहण्याने भागते. ॲल्युमिनियमची नाणी २०११ मध्ये चलनातून गेली, पण आजीच्या डब्यात आणि देवघरात ती अजून आहेत. ती क्ष-किरणचित्रात अंधूक दिसतात, कधी निसटतात; धातुशोधकापुढे मात्र ठणठणीत वाजतात. येथे जुने यंत्र नव्याच्या एक पाऊल पुढे आहे.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. घड्याळातील वा खेळण्यातील बटनासारखी बॅटरी आणि नाणे यांत या यंत्राला फरक कळत नाही, आणि अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत भाजायला लागते. काय गिळले ते कोणी पाहिले नसेल तर यंत्रावर विसंबू नये, लगेच चित्र काढावे आणि गोल सावलीची कडा दुहेरी आहे का ते पाहावे. टाचणी, बारीक तार यांच्या बाबतीत यंत्र गप्प राहिले म्हणून मुलाला घरी पाठवू नये. आणि तपासण्यापूर्वी कमरेचा करगोटा, पायातले वाळे, गळ्यातला ताईत, चड्डीचे बटण हे सारे उतरवावे. आमच्याकडे परिचारिका ही यादी आता मोठ्याने म्हणतात. करगोटा निघाला असे आजीने सांगितले तरी एकदा हात फिरवून बघतात. मुलाला पोलादी टेबलावर न झोपवता लाकडी स्टुलावर उभे करतात.

बेल यांची ती जुनी कल्पना अलीकडे स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत नव्याने आली आहे. हाताला न लागणारी बारीक गाठ शस्त्रक्रियेत चुकू नये म्हणून सोनोग्राफीच्या साहाय्याने तिच्यात पाच मिलिमीटर लांबीचे, तांदळाच्या दाण्याएवढे पोलादी बीज आधीच ठेवतात. टेबलावर शल्यचिकित्सक हातातली शोधणी त्वचेवरून फिरवतो. तिच्या टोकातील वेटोळीच्या क्षेत्राने बीज क्षणभर चुंबकते, आकडा चढतो, आवाज उंचावतो. मग आडवे, मग उभे, आणि जेथे तो सर्वांत उंच तेथे छेद. पल्ला तीन-चार सेंटिमीटरचा. ही शस्त्रक्रिया मी पाहिली ती माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने केलेली. शोधणी हातात घेण्यापूर्वी तिने परिचारिकेला सांगितले, "सिस्टर, पोलादी रिट्रॅक्टर काढा, प्लास्टिकचे द्या," आणि ती जखमेतून बाहेर पडेपर्यंत शांत उभी राहिली.